उद्या थैलीत किती?

लातूर, मुलींचं वसतिगृह
२८ जून २०२५

आदरणीय आजोबा,
सप्रेम जयभीम.

परवा व्हिडिओ कॉलवर मी वीस मिनिटं बोलले आणि तुम्ही वीस मिनिटं हसत मान हलवली. शेवटी आजी मध्ये आली आणि म्हणाली, "अगं, त्यास्नी कायबी ऐकू येईना, उगं हसून राहिले!" कानातलं यंत्र डबीत घालून कपाटावर ठेवायचं नसतं, आजोबा. ते शिट्टी मारतं हे मान्य, पण डबीत पडून ते तुमच्या काय कामाचं? असो. म्हणून हे पत्र. तुमचा पगार आयुष्यभर ज्यानं दिला, त्या खात्याला माझ्याकडून पाच रुपयांचं तिकीट.

आता मुद्द्याचं. मी दुसऱ्या वर्षाला आले. अर्थशास्त्र मला आवडतं. बाजारात तूर का पडते, पोरी शाळा का सोडतात, याची कारणं त्यात सापडतात. यंदा आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या जोडीला दुसरा मुख्य विषय घेता येणार आहे. तास वाढतील, परीक्षा वाढतील, पण पदवीवर दोन्ही विषयांची नावं येतील. बाबांना फोनवर विचारलं, तर ते भोकरला खांबावरून उतरले होते नुकतेच. म्हणाले, "लाइनमन एका वक्ताला एकाच खांबावर चढतो. दोन खांब धरले की मेला." मी म्हटलं, बरं. पण मला दोन खांब हवे आहेत.

प्रवेशाच्या वेळी बाबा ड्युटीवर होते, म्हणून माझे पालक म्हणून सही तुमचीच आहे. सोबत संमतीचा फॉर्म आहे. दुसऱ्या विषयाची जागा रिकामी ठेवली आहे, कारण तो पालकानं स्वतःच्या अक्षरात लिहायचा. गेल्या वर्षी पोरांनी परस्पर विषय लिहिले आणि मग आईबाप ऑफिसात भांडायला आले, म्हणून हा नियम. मुदत ११ जुलैची आहे. एकदा लिहिलेला विषय पदवीपर्यंत बदलत नाही.

विषय कोणता, ते मी सांगणार नाही. पाकीट फोडण्याआधी अंदाज करायचा, हे तुम्हीच शिकवलंत. खूण एवढीच: तुम्ही मला तो ओसरीवर शिकवला, रोज संध्याकाळी, जेवणाआधी. ओळखा आणि लिहा.

तुमचीच
लुंबिनी

*

लोहा, जि. नांदेड
३ जुलै २०२५

चि. लुंबिनी माय हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पाकीट काल दुपारी पोचलं. चौथ्या दिवशी. आमच्या काळी तिसऱ्या दिवशी पोचलं असतं, पण नवी पोरं आहेत, चालायचंच.

ओळखलं! खूण वाचायच्या आधीच ओळखलं होतं. पाली! ओसरीवर, संध्याकाळी, जेवणाआधी दुसरं काय शिकवलं मी तुला? तू पाच वर्षांची होतीस, जीभ वळत नव्हती, तरी सगळी वंदना एका दमात म्हणायचीस. खरं सांगतो, मी साठ वर्षं त्या गाथा म्हणत आलो, पण मला त्यातलं निम्मंसुद्धा कळत नाही. विहारात लोक विचारतात, "निवृत्तीराव, ह्याचा अर्थ काय हो?" मी अंदाजानं सांगतो. आपल्या घरात कोणी तरी अर्थ लावून वाचणारं निघावं, एवढी एक इच्छा होती. ती तू न सांगता ओळखलीस. डोळे भरून आले बघ.

फॉर्म मोठ्या अक्षरात भरला. तुझ्याकडे पाठवला असता तर तुला पुन्हा ऑफिसात खेटे. म्हणून थेट प्राचार्यांच्या नावानं रजिस्टर टपालानं धाडला, पोचपावतीसह. हे रजिस्टर टपाल आता बंद होणार म्हणतात. बंद व्हायच्या आत आपल्या घरातलं एक चांगलं काम त्यानं केलं.

विहारात सगळ्यांना सांगून टाकलं. येत्या गुरुवारी आषाढी पौर्णिमा, वर्षावासाचं तीन महिन्यांचं ग्रंथवाचन सुरू होईल. यंदा मी वाचायला बसणार नाही, घसा बरा नसतो. पण आश्विन पौर्णिमेला समाप्ती आहे, त्या दिवशी तू यायचंस आणि गाथांचा अर्थ सांगायचास. लोकांना मी शब्द दिलाय.

तुझी आजी म्हणते, पोरीला तूप पाठवा. टपालानं तूप जात नाही, हे तिला चाळीस वर्षं समजावतोय.

तुझा आजा
निवृत्ती हनमंते
ग्रामीण डाकसेवक (निवृत्त)

*

लातूर
९ जुलै २०२५

आदरणीय आजोबा,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. फॉर्म ऑफिसात पोचला आहे, यादीत नाव लागलं. पालीचा वर्ग सुरू झाला. आम्ही चौघी आहोत. ज्योत्स्ना मॅडम छान शिकवतात.

तब्येतीची काळजी घ्या. आजीला नमस्कार.

लुंबिनी

*

लोहा
१४ जुलै २०२५

चि. लुंबिनी,

तुझं पत्र आलं. पाकीट हातात घेतलं आणि फोडायच्या आधीच तुझ्या आजीला म्हणालो, "भामा, ह्यात काही तरी कमी हाय." पस्तीस वर्षं टपाल वाटलं मी. सासरी गेलेली पोर सुखात असली की पाकीट जाड येतं, दुःखात असली की त्याहून जाड येतं. लपवत असली की पातळ येतं. तुझं पातळ आहे.

पहिल्यांदा वाटलं, मेसचं जेवण बरं नसेल. मग वाटलं, कोणी त्रास देत असेल. शनिवारी तुझा बाप धम्मानंद भोकरहून आला. त्याला तुझं पत्र दाखवलं आणि पालीचं सांगितलं. त्यानं पाटी घेतली (आता आमच्या घरात माझ्याशी बोलायला पाटी आहे) आणि लिहिलं, "पाली? ती तर फोनवर सारखी आकड्यांचंच बोलून राहिली होती." तेव्हापासून मला अन्न गोड लागेना.

ओसरीवर जेवणाआधी मी तुला आणखी काय शिकवलं, ते आठवून बघतोय. वंदना झाली की आपण कॅलेंडरापुढे उभे राहायचो, एवढं आठवतं. तो तर खेळ होता.

माझा अंदाज चुकला का? चुकला असेल तर स्पष्ट लिही. माझी भीड धरू नकोस. पोस्टमनच्या हातात खोटं पत्र देऊ नये.

तुझा आजा

*

लातूर
२० जुलै २०२५

आजोबा,
जयभीम.

हे पाकीट जाड लागेल.

हो, चुकला. मला संख्याशास्त्र हवं होतं. आणि तो खेळ नव्हता, आजोबा. निदान माझ्यासाठी नव्हता.

वंदना झाली की तुम्ही मला उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे धरायचात आणि विचारायचात, "उद्या थैलीत किती?" मी काही तरी सांगायची. तुम्ही उद्याच्या चौकटीत वर तुमचा आकडा लिहायचात, खाली माझा. दुसऱ्या दिवशी थैलीतली पत्रं मोजून आलात की खरा आकडा लिहून त्याभोवती गोल. आधी मी शंभर, हजार असं काहीही सांगायची. मग मला कळायला लागलं की सोमवारी जास्त येतात, कारण रविवारचं साठतं. पेरणीच्या दिवसांत कमी, दहावीच्या निकालानंतर जास्त, दिवाळीआधी सगळ्यांत जास्त. आठ वर्षांची असताना मी तुम्हाला सलग चार दिवस हरवलं आणि तुम्ही सगळ्या गल्लीला चहा पाजलात. गेल्या वर्षी विरूपाक्ष सरांच्या संख्याशास्त्राच्या वर्गात मी सहज जाऊन बसले. सरांनी फळ्यावर एका रकान्यात अंदाज मांडले, दुसऱ्यात खरे आकडे. आपली ओसरी होती ती. अर्थशास्त्र मला सांगतं, माणसं अशी का वागतात. ते खरं की खोटं, हे मोजून बघायचं तर दुसरा खांब लागतोच.

तुमचं पत्र आलं, त्या दिवशी मी ऑफिसात पळाले. फॉर्म आधीच पोचला होता. तुमचं टपाल कधी नव्हे ते दोन दिवसांत पोचलं! कारकून मल्लिनाथराव म्हणाले, "पालकाचं अक्षर हाय. आता ब्रह्मदेव आला तरी बदलत न्हाई." मी तुम्हाला लिहू शकले नाही. तुम्ही विहारात सांगून बसला होतात, तुमचे डोळे भरून आले होते. मला सांगायचा धीर झाला नाही, आणि मग ते हलकं पत्र लिहिलं. रडून लिहिलं, हे तुम्हाला वजनावरून कळलं असेलच.

चूक माझी आहे. सरळ लिहायचं सोडून मी कोडी घालत बसले. एकाच खुणेवरून अंदाज करायला लावला. संख्याशास्त्रात हे पहिल्या दिवशी सांगतात, एका नमुन्यावर विश्वास ठेवू नये.

आता तुम्ही काही करू नका. पाली वाईट नाही, मी शिकेन. फक्त पदवी होईपर्यंत संख्याशास्त्राच्या वर्गावरून जाताना आत बघणार नाही, म्हणजे झालं.

घशाला काय झालंय? आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "घसा? घशाला काय धाड भरली?" मग तुम्ही वाचायला का बसत नाही?

लुंबिनी

*

(पोस्टकार्ड)

लोहा
२५ जुलै २०२५

लुंबिनी, पत्र मिळालं. उत्तर टपालानं देत नाही, स्वतः घेऊन येतोय. सोमवारी सकाळच्या अहमदपूरमार्गे गाडीनं. कॉलेजच्या फाटकापाशी थांब. यंत्र कानात घालणार नाही, आधीच सांगून ठेवतो. — आजा

*

लातूर
३१ जुलै २०२५

आदरणीय आजोबा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पोस्टकार्ड आज आलं. म्हणजे तुम्ही येऊन, भांडून, परत लोह्याला पोचून तीन दिवस झाल्यावर. सोमवारी फाटकापाशी कोणी नव्हतं, याचा राग मनात असेल तर तो तुमच्या खात्यावर काढा. दामिनी, माझी खोलीतली मैत्रीण, धावत आली. म्हणाली, "अगं, ऑफिसात एक म्हातारे खाकी शर्ट घालून आलेत, तुझं नाव सांगून राहिलेत." तेव्हा मी पळाले.

त्या दिवशी तिथे काय काय बोललं गेलं, ते तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणून लिहिते.

मी पोचले तेव्हा तुम्ही मल्लिनाथरावांपुढे वही सरकवली होती. ते आधी ओरडून बघत होते. सगळं ऑफिस दणाणलं, तुम्ही मात्र शांत. मग बिचाऱ्यांनी पेन घेतलं. ती वही मी मागून घेतली आहे, जन्मभर जपणार आहे. त्यांनी लिहिलंय: "मुदत संपली." खाली तुम्ही: "मान्य. चूक पालकाची, मुलीची नाही. पालकाची चूक दुरुस्त करू नये, हा नियम दाखवा." त्यांनी लिहिलं: "नियम तोंडी आहे." आणि तुम्ही: "तोंडी मला ऐकू येत नाही. लेखी द्या, सही-शिक्क्यासह."

आजोबा, त्यानंतर मल्लिनाथराव डोकं धरून म्हणाले, "लेखी 'न्हाई' द्यायचं म्हणजे माझ्या गळ्याशी यायचं. जा बाबा, प्राचार्यांकडंच जा!" तुम्हाला वाटलं, ते तुम्हाला बसायला सांगतायत. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. सगळे हसले, तेही हसले, आणि मग स्वतःच फाइल घेऊन आत गेले.

प्राचार्य म्हणाले, दोन्ही विभागांची हरकत नसेल तर या महिनाअखेरपर्यंत बदल करता येईल. विरूपाक्ष सरांनी मला विचारलं, "अर्थशास्त्राची पोरं येतात, गणित बघून पळतात. तू कशावरून टिकशील?" मी कॅलेंडराचं सांगितलं. ते खुर्चीतून पुढे आले. "वर अंदाज, खाली अंदाज, आणि खऱ्या आकड्याला गोल? रोज? ती कॅलेंडरं हायेत का अजून?" मी म्हटलं, माहीत नाही. आहेत का?

आणि ज्योत्स्ना मॅडम. चारातली एक विद्यार्थिनी जाणार, मला वाटलं त्या रागावतील. त्या तुमच्याकडे बघत म्हणाल्या, "एक नेताय, तर बदल्यात एक द्या. हे स्वतःच का नाही शिकत?" तुम्ही हात हलवून म्हणालात, "नको नको, आत्ताच घेतला." तुम्हाला वाटलं, त्या चहा विचारतायत! मॅडम हसून हसून दमल्या. तुम्ही त्यांना नाही म्हणालात हे त्यांनी धरलेलं नाही. सोबत पहिला पाठ पाठवला आहे. शब्द, अर्थ आणि शेवटी दहा प्रश्न. उत्तरं लिहून धाडायची, त्या तपासतील. दर आठवड्याला एक. कान लागत नाहीत, डोळे लागतात.

माझं नाव आज संख्याशास्त्राच्या यादीत लागलं. आडनाव चुकवलंय, पण आहे.

तुमची
लुंबिनी

ता. क. घशाचं अजून सांगितलं नाहीत.

*

लोहा
८ ऑक्टोबर २०२५

चि. लुंबिनी माय हिस,
आशीर्वाद व जयभीम.

दहावा पाठ सोबत धाडतोय. आठव्या प्रश्नाचं उत्तर दोनदा खोडलंय, मॅडमना सांग, म्हाताऱ्याला माफ करा.

आता घशाचं. घसा ठीक आहे, कधीच बिघडला नव्हता. गेल्या वर्षी वर्षावासात मी वाचत होतो आणि समोरची पोरं हसू दाबत होती. घरी आल्यावर तुझ्या आजीनं पाटीवर लिहिलं, "लई मोठ्यानं वाचता. मधीच आवाज फाटतो." मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. चाळीस वर्षं जे वाचलं, ते लोकांना ओझं झालं, हे मनाला लागलं. म्हणून मी आपणहून बाजूला झालो आणि तुझ्यावर भार टाकायला निघालो. तुला पाली हवी, असं मला वाटलं, कारण मला ती हवी होती. अंदाज करताना माणूस स्वतःचीच इच्छा चौकटीत लिहितो. हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

काल आश्विन पौर्णिमा होती. तुझी परीक्षा होती, तू आली नाहीस, बरंच झालं. मी सगळ्यांना सांगितलं, "माझा अंदाज चुकला. नातीनं आकडे घेतले, पाली मी घेतलीय." लोकांना वाटलं चेष्टा करतोय. मग पोरींनी गाथा म्हटल्या आणि प्रत्येक गाथेनंतर मी उभा राहून तिचा अर्थ सांगितला, कागदावरचा नाही, शिकलेला. हळू बोललो. भामा पहिल्या रांगेत बसली होती, आवाज चढला की हात खाली करायची. पोरं हसली नाहीत. शेवटी एका म्हातारीनं माझी पाटी मागून घेतली आणि नातवाकडून लिहून घेतलं, "आज पहिल्यांदा कळलं आपण काय म्हणत होतो."

मी विहाराच्या मागे जाऊन रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

कॅलेंडरं सापडली. तुझ्या आजीनं ती ट्रंकांच्या तळाशी अंथरली होती. सगळे कपडे बाहेर काढावे लागले, त्यावरून दोन दिवस अबोला होता. माझ्या बाबतीत अबोला म्हणजे ती पाटीला हात लावत नाही. अकरा वर्षांची निघाली, त्यातली तीन वाळवीनं खाल्ली, आठ शाबूत आहेत. पार्सल वेगळं धाडलं आहे. धम्मानंद विचारत होता, "दोन खांब जमून राहिले का?" त्याला मी लिहून दिलं, विजेची तार एका खांबावर कुठे राहते, ती दोन खांबांमध्येच असते. त्यानं ती पाटी पुसली नाही, तशीच ठेवली.

तुझा आजा
निवृत्ती हनमंते

*

लातूर
१६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आजोबा,
सप्रेम जयभीम.

पार्सलला डांबरगोळ्यांचा वास येत होता, आजीच्या ट्रंकेचा. दामिनी आणि मी दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज दोन तास बसून सगळ्या चौकटी उतरवून घेतल्या. दोन हजारांच्या वर निघाल्या. विरूपाक्ष सरांनी त्यावरच माझा प्रकल्प ठरवला आहे: गावात टपाल कधी येतं, कशामुळे वाढतं, कशामुळे घटतं. अर्थशास्त्राचे सरही म्हणाले, तो आमच्याकडेही चालेल. एकच काम, दोन्ही विषयांत. बाबांना सांगा, तार जोडली गेली. संख्याशास्त्राच्या पहिल्या चाचणीत चाळीसपैकी बत्तीस मिळालेत, हेही सांगा. वाटल्यास तेवढंच पाटीवर लिहा.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगायची आहे. माझे चुकलेले अंदाज कधी कमी निघतात, कधी जास्त. तुमचे चुकलेले अंदाज जवळजवळ सगळे जास्तच आहेत. सुरुवातीच्या वर्षांत थैलीत रोज चाळीसेक पत्रं यायची, शेवटच्या वर्षी अकरा-बारा. पत्रं घटत गेली, पण तुमचा आकडा दर वेळी खऱ्याच्या दोन-तीन वरच राहिला. आठही वर्षं, रोज. मला आठवलं, दारात वाट बघत उभ्या असलेल्या बाईला तुम्ही म्हणायचात, "आज न्हाई आलं, उद्या येईल माय." तेच तुम्ही चौकटीतही लिहीत होतात.

सर म्हणाले, "ह्याला बायस म्हणतात, एकाच बाजूला झुकणं. हिशोब करताना तो काढून टाकावा लागतो." मी गणितातून काढला. बाकी कुठून काढणार नाही.

आणि आता तुमचं. ज्योत्स्ना मॅडमनी तुमची पहिल्या टप्प्याची परीक्षा तपासली. शंभरपैकी किती, ते लिहिलेला कागद याच पाकिटात आहे, चार घड्या घालून. लगेच उघडू नका. आजीला बोलवा, ओसरीवर बसा, आधी अंदाज करा. आणि नेहमीसारखा जास्तच धरा. या वेळी बरोबर येईल.

तुमची
लुंबिनी